तुम्ही विचारलंत म्हणून: यात घोषणा कुठे आहे?

‘यात ना सरकारचं नाव, ना घोषणा, ना मोर्चा. मग हे निषेधाचं गाणं कसं?’ गाण्यांच्या बैठकीत ब्राझीलचा गायक-गीतकार शिको बुआर्के याचं ‘कॉन्स्ट्रुसाँव’, म्हणजे ‘बांधकाम’, लावलं की हे कुणीतरी विचारतंच. आपल्या कानाला डफ आणि कोरसची सवय असते, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे.

गाणं १९७१ चं, ब्राझीलमधलं. १९६४ पासून तिथे लष्कराची सत्ता होती. १९६८ साली साओ पावलोजवळच्या ओसास्को शहरातल्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केला, तो लष्कर घालून मोडला. त्याच डिसेंबरात फर्मान निघालं आणि संसदेला टाळं लागलं. शिको इटलीत राहून परतला, तर त्याच्या एका गाण्यावर बंदी आली. देशाचा विकासदर मात्र दहा टक्क्यांच्या वर, जिकडेतिकडे पूल आणि इमारती.

त्या इमारतींवरचा एक मजूर या गाण्यात आहे. तो बायकोचा, पोरांचा निरोप घेतो, रस्ता ओलांडतो, यंत्रासारखा वर चढतो, विटेवर वीट ठेवतो. डोळ्यांत सिमेंट आणि पाणी. दुपारी राजमा-भात खातो तो राजपुत्राच्या थाटात. मग पितो, रडतो, नाचतो, हसतो, तोल जातो, आणि खाली फुटपाथवर पडून मरतो. मरतो तोही वाहतुकीच्या उलट्या दिशेला, तिला अडथळा करून.

मग शिको हीच कहाणी पुन्हा सांगतो. ओळी जवळजवळ त्याच, फक्त शेवटचे शब्द उचलून दुसरीकडे बसवलेले. आता मरण लोकांना अडचणीचं होतं. तिसऱ्यांदा कहाणी आखडते. आधी यंत्रासारखा इमारत चढणारा माणूस आता प्रेमही यंत्रासारखं करतो, आणि त्याच्या मरणाने लोकांचा शनिवार बिघडतो. गाणं ऐकताना माझा जीव गुदमरतो तो इथे. शब्द कुठलाही कुठेही बसतो, तसा माणूसही. हा गेला, दुसरा आणा, काम थांबता कामा नये. त्या भरभराटीचा हिशेब याहून नेमका कुणी मांडल्याचं मला माहीत नाही.

रोजेरिओ दुप्राची वाद्यरचनाही सुरुवातीला साधी आहे. मग कडव्यागणिक ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, चढत जातात, शहराचे भोंगे अंगावर यावेत तशी.

काही जण म्हणतात, सेन्सॉरला चुकवायला सरकारचं नाव गाळलं असेल. मला ते पटत नाही. नाव घातलं असतं तर दोष एका हुकूमशहावर ढकलून रस्त्यावरचे लोक मोकळे झाले असते. इथे ते सुटत नाहीत.

आणि घोषणाच हवी असेल, तर गाणं संपायच्या आधी बंद करू नका. शेवटी त्याच अल्बममधल्या ‘देउस ल्ये पागे’ची कडवी येतात. खायला भाकरी दिलीत, झोपायला जमीन दिलीत, श्वास घेऊ दिलात, पडून मरायला परांच्या दिल्यात, देव तुमचं भलं करो. हे आभार कुणाचे मानलेत, ते ब्राझीलमध्ये कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.