रविवार रात्रीची पोटदुखी

रविवार, रात्री साडेनऊ

बऱ्याच घरांत शाळेत जाणाऱ्या मुलांचं पोट दुखायला लागतं ते याच सुमारास. सुट्टीच्या आदल्या रात्री दुखत नाही. उद्याचं दप्तर भरायला घेतलं की कळ येते. वेळ अशी नेमकी साधली की मोठ्यांना ते सोंग वाटतं. पण ताणाने आतड्यांची हालचाल खरंच बिघडते आणि दुखणंही खरंच असतं. तरी आधी बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन यावं. रक्त कमी असणं, थायरॉइड, डोळ्यांचा नंबर, यांतलं काहीही 'अभ्यासाचा कंटाळा' म्हणून खपून जातं.

आळस आणि शीण यांत गल्लत होते. आळसावलेलं मूल अभ्यास टाळतं, पण खेळायला हाक आली की उड्या मारत जातं. शिणलेलं मूल खेळायलाही नको म्हणतं. चित्रांची वही महिनाभर उघडलेली नसते. गृहपाठाची एकच ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, शेवटी कागद फाटतो आणि रडू फुटतं. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये शाळेच्या शिणासाठी नऊ विधानांची मोजपट्टी मांडली. ती तीन गोष्टी मोजते: थकवा, शाळेचा उबग ('काय उपयोग आहे याचा?') आणि 'मला जमतच नाही' ही भावना. घरात पहिली दिसते, दुसरीला उद्धटपणा समजतात, तिसरी कुणाच्या लक्षातच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट (सततच्या ताणाने येणारा शीण) हा शब्द फक्त नोकरी-व्यवसायापुरता ठेवला आहे. शाळाही बिनपगारी पूर्णवेळ नोकरीच, पण ते असो.

मुलाशी बोलण्याआधी वेळेचा हिशेब करावा. चौकटीच्या वहीत सात उभे रकाने, चोवीस आडव्या ओळी; आठवड्याचे १६८ चौकोन. मुलालाच रंग भरू द्यावेत. तेरा वर्षांच्या मुलाचं साधारण असं निघतं: झोप रोज नऊ तास धरून ६३, शाळा ३५, येणं-जाणं ५, क्लास १२, क्लासला येणं-जाणं ६, गृहपाठ १४, जेवण-अंघोळ-आवराआवर २१. बेरीज १५६. उरले १२, म्हणजे दिवसाला पावणेदोन तासही नाहीत, आणि तेही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. परीक्षा आली की झोपेच्या रकान्यालाच कात्री लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. रात्री दहाला झोप न येणं हा हट्ट नव्हे.

हा कागद समोर असला की 'वेळेचं नियोजन कर' हा सल्ला तोंडातून निघत नाही. नियोजन करायला वेळ शिल्लक तर हवा! इथे वजाबाकीच करावी लागते. एक क्लास किंवा एक छंदवर्ग, किमान सहा आठवड्यांसाठी, पूर्ण बंद. कोणता, ते मुलाने ठरवावं. सगळ्यात जास्त चुकतं ते यानंतर: मोकळ्या झालेल्या जागेत आठवडाभरात नवं काहीतरी कोंबलं जातं, 'निदान वाचन तरी कर' म्हणून. तो चौकोन कोरा राहू द्यायचा. मूल छताकडे बघत पडलं तरी.

शाळेतून आल्यावर पहिला पाऊण तास प्रश्नबंदी. 'आज काय झालं?' सुद्धा नाही. खाणं, लोळणं, बस. गृहपाठाला वीस मिनिटं काम, पाच मिनिटं उठून फिरणं, अशा जास्तीत जास्त तीन फेऱ्या. गजर वाजला की वही मिटायची, काम अर्धं असलं तरी. पहिल्या आठवड्यात मूल विश्वास ठेवत नाही, चौथी फेरी कधी सांगतील याची वाट बघतं. तिथे शब्द मोडला की सगळं मुसळ केरात.

शाळाच बंद करून घरी ठेवायचा मोह होतो. एक-दोन दिवस ठीक. पुढे प्रत्येक दिवसागणिक फाटकातून आत जाणं जड होत जातं. त्यापेक्षा शाळेशी बोलून काही दिवस अर्धवेळ, सोप्या तासांपासून सुरुवात. त्याच वेळी हेही तपासावं: कुणी छळतंय का, वाचताना अक्षरं अडतात का. तसं असेल तर विश्रांतीने काही दिवस बरं वाटेल, मूळ तसंच राहील. उदासी दोन आठवडे सलग टिकली, खाणं-झोपणं पार बदललं, तर बालमानसोपचारतज्ज्ञ. 'मी नसतो तर बरं' असं एकदा जरी ऐकलं तरी त्याच दिवशी, मुलाला एकटं न सोडता.

वर्गशिक्षकांना चिठ्ठी तीन ओळींची पुरते. लांबलचक कैफियत कोणी वाचत नाही: 'पुढचे सहा आठवडे आम्ही गृहपाठ रोज एका तासावर थांबवणार आहोत. राहिलेल्या कामाखाली पालकांची सही असेल. त्यावरून वर्गात उभं करू नये, ही विनंती.'