अजगर दलदलीत पोचल्यावर आलेला कायदा

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात पाळीव सापांच्या बंदीवरचा वाद फिरून फिरून बर्मीज पायथनवर येतो. हा आग्नेय आशियातला अजगर. विकत घेताना पिल्लू दीड-दोन फुटांचं असतं, पण भरपूर खायला मिळालं तर तीनेक वर्षांत दहा फुटांच्या वर जातं. उंदरांऐवजी ससे द्यावे लागतात, काचेची टाकी पुरत नाही, कुलूपबंद खोली लागते. पंधरा फुटी मादी एकट्याने हाताळणं तर धोक्याचंच. मग कंटाळलेला मालक तिला रानात सोडतो.

दक्षिण फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या उबदार दलदलीत तिला हवं ते सगळं मिळतं. मादी एका वेळी 50 ते 100 अंडी घालू शकते, त्यांना वेटोळं घालून अंग थरथरवत ऊबही देते. नक्षीदार कातडी गवतात अशी मिसळते की शेजारी उभ्या माणसालाही साप दिसत नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अजगर पसरलेल्या भागात रकून आणि ओपोसम हे छोटे सस्तन प्राणी दिसण्याचं प्रमाण सुमारे 99 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. हे वाचून आजही पोटात कालवतं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्र सरकारने लेसी कायद्याखाली (वन्यजीवांच्या व्यापारावरचा कायदा) या अजगराची आयात आणि राज्याराज्यांतली वाहतूक बंद केली. सर्पपालकांची संघटना न्यायालयात गेली. हवाई सोडून उरलेल्या 49 राज्यांमधली आपापसातली वाहतूक या कायद्याने रोखता येत नाही, असा निकाल 2017 मध्ये लागला. आयातबंदी मात्र टिकली. उत्तरेच्या हिवाळ्यात अजगर जगणार नाही, हा पालकांचा मुद्दा वजनदार आहे. जानेवारी 2010 च्या थंडीत एव्हरग्लेड्समध्येही पुष्कळ अजगर मेले. पण उबदार फ्लोरिडाला हा मुद्दा लागू पडत नाही. 2021 मध्ये राज्याने या अजगराला प्रतिबंधित यादीत टाकलं, ते योग्यच झालं.

नुसत्या बंदीने घाबरलेला मालक साप गुपचूप सोडून देतो. म्हणून राज्याची माफी योजना मला कायद्याइतकीच मोलाची वाटते: परवाना नसला तरी साप स्वाधीन करता येतो, दंड नाही, शुल्क नाही, तो पात्र पालकाकडे जातो. आधी योजनेच्या लोकांना फोन करावा. नेताना साप मजबूत कापडी पिशवीत घालून पिशवीच्या तोंडाला गाठ मारावी आणि पिशवी हवेची भोकं असलेल्या, झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत ठेवावी. झाकण नुसतं टेकवलेलं असेल तर अजगर डोक्याने ते सहज उचलतो.

नवी प्रजाती तपासल्याशिवाय देशात येऊच द्यायची नाही, अशी तरतूद 2022 मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात होती. अंतिम कायद्यातून ती वगळली गेली. ती परत आणायला हवी, आणि पालकांना चर्चेत बरोबर घेऊन.