मे महिन्यातले २९ अंश

डायनो म्हणजे गाडी रोलरवर पळवून तिची ताकद मोजायचं यंत्र. त्याच्या शीटवर मधोमध मोठ्या अक्षरांत एकच आकडा असतो आणि येणारा प्रत्येक जण तेवढाच वाचतो. उजव्या कोपऱ्यात बारीक टायपात आणखी चार गोष्टी असतात: तापमान, आर्द्रता, हवेचा दाब आणि करेक्शन, म्हणजे त्या हवेपायी आकड्यात करायची दुरुस्ती. तो कोपरा वाचायचे पैसे मला मिळतात. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापल्या दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी मी तो वाचला नाही.

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत टिनाच्या शेडखाली माझा डायनो आहे, सेकंडहँड घेतलेला, एकाच ॲक्सलचा. पोट चालतं डिझेल एसयूव्हींच्या रीमॅपवर, म्हणजे ईसीयूचं, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, सेटिंग बदलून ताकद वाढवण्यावर. त्या सगळ्या टर्बोवाल्या, हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या. टर्बोत हवा पातळ झाली तरी ईसीयू ठरलेला बूस्ट, म्हणजे दाब, गाठायला बघतो, त्यामुळे हवामानाचं पूर्ण करेक्शन लावलं तर आकडा उगाच फुगतो. मी ते लावतच नाही, कच्चा आकडा हातात देतो. लावणारे लावतात, आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे गर्दीही जास्त असते. सांगायचं एवढंच की माझ्या शेडमध्ये खांबावर टांगलेल्या, तापमान आणि आर्द्रता मोजणाऱ्या हवामानाच्या डबीकडे महिनामहिना कोणी ढुंकून पाहत नाही.

त्या दिवशी आली ती पोर्शे केमन. २०१४ची, २.७ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही. कंपनीचा आकडा ७४०० आरपीएमला २७५ पीएस, म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर, आणि तेही चाकावरचे नाही, इंजिनावरचे. गाडी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची, दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका गृहस्थांकडून घेतलेली.

"भाऊ, गाडी ओढूनच नाही राहिली," डॉक्टर आल्याआल्या म्हणाले. "२७५ सांगून विकली त्यानं. किती उरले ते छापून द्या फक्त."

मुंबईहून आणताना समृद्धीवरच त्यांना शंका आली होती म्हणे. १२०ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ७४०० आरपीएमच्या इंजिनाबद्दल शंका कशी आली, ते मी विचारलं नाही.

टर्बो नसलेलं इंजिन म्हणजे प्रामाणिक माणूस. लपवायला त्याच्याकडे काही नसतं. ७४०० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला साधारण दहा हजार लिटर हवा ओढतं, आणि त्या दहा हजार लिटरांत जेवढा ऑक्सिजन असेल तेवढंच काम करतं. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सहा टक्के पातळ. शिवाय नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर. म्हणून अशा गाडीला करेक्शन लावावंच लागतं, त्या दिवशीची हवा २५ अंशांची आणि ठरलेल्या दाबाची असती तर किती निघाले असते, या हिशेबानं.

टायरमधली हवा पाहिली, स्टॅबिलिटी कंट्रोल बंद केलं, गाडी चौथ्या गिअरमध्ये घेतली. गाडी रोलरवर बांधून ठेवणारे पट्टे मी स्वतः आवळतो. दोन दात जास्त आवळले तरी टायर रोलरमध्ये रुततो आणि दोनतीन पीएस तिथेच खातो. आमच्या पोट्ट्याला हे सांगून थकलो, त्याला पट्टा म्हणजे जेवढा घट्ट तेवढा चांगला वाटतो. पण पोरगं मायाळू आहे. डॉक्टर घामाघूम झालेले पाहून त्यानं त्यांना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि मोठा कूलर ओढून त्यांच्याकडे वळवला.

दुपारचे एक चाळीस. पहिला रन २०३, दुसरा १९९, तिसरा १९४. हे चाकावरचे कच्चे आकडे. पहिल्याला करेक्शन लावून २१७.

खरं तर इथे आकडा सोडून रेष बघायची असते. सिलिंडरमधलं कॉम्प्रेशन गेलेलं असेल तर टॉर्कची रेष खालपासून वरपर्यंत सारखीच खाली बसते. सायलेन्सरचा कॅटॅलिटिक तुंबला असेल तर खाली सगळं ठीक दिसतं आणि आरपीएम वाढेल तसा गळा आवळत जातो. या गाडीची रेष ४५००पर्यंत हवी तशी होती. त्यानंतर ६५००पर्यंत जी सपाट चालायला हवी ती करवतीसारखी झाली होती, चढ-उतार, चढ-उतार. म्हणजे नॉक, सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी आपोआप पेटून बसणारा ठोका. इंजिनाला ठोका ऐकू आला की ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, थोड्या वेळानं परत पुढे नेऊन बघतो, परत ठोका, परत मागे. स्कॅनर लावला तर आत जाणारी हवा ५८ अंश, आणि टायमिंग जवळजवळ सगळ्या सिलिंडरांना मागे घेतलेलं. टाकीत काय आहे विचारलं. "पेट्रोल," डॉक्टर म्हणाले. साधं. त्या इंजिनाचा कंपनीचा आकडा ९८ ऑक्टेनवरचा, आणि ऑक्टेन कमी तसा ठोका लवकर.

आणि ५८ का, तर माझा पंखा. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचं इंजिन पुढे असतं, म्हणून पंखा नाकासमोर. केमनचं इंजिन सीटच्या मागे, हवा घेतं दारामागच्या बाजूच्या जाळीतून. मी नाकाला वारा घालत होतो आणि गाडी कमरेतून श्वास घेत होती, तोही स्वतःच्याच सायलेन्सरनं तापवलेला.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. गाडी तापली आहे, पेट्रोल बदला, पहाटे या, परत करू, पैसे नको. त्यांनी मान डोलावली. तोवर पोट्ट्यानं सवयीप्रमाणे सगळ्यात चांगल्या रनची शीट छापून त्यांच्या हातात ठेवली होती. मोठ्या अक्षरांत २१७. मी तोंडानं बोलत होतो आणि ते फोटो काढत होते. चारला ओपीडी होती, गेले.

तीन दिवसांनी आले, पहाटे साडेपाचला. पेट्रोल जास्त ऑक्टेनचं भरून आणलं होतं. मी रात्रीच डक्टचा पाइप आणून पंख्याचं तोंड बाजूच्या जाळीला जोडलं होतं. डबी खांबावरून काढून त्याच जाळीजवळ टांगली, टर्बो नसलेल्या गाडीला तशी टांगायचीच असते. डाळिंबी रंगाचं ऊन अजून कंपाउंडच्या बाहेरच होतं. तीन रन २२४, २२३, २२४. टॉर्कची रेष ताणून धरलेल्या दोरीसारखी. करेक्शन लावून २३५. मग गिअर काढून रोलर आपोआप थांबू दिले, त्यातून गिअरबॉक्स आणि टायरनं खाल्लेले ३६ निघाले. २३५ आणि ३६, २७१. त्या ३६वर माझा अर्धाच विश्वास आहे, कारण त्यातही पट्ट्यांचा हात असतो. पण पोटात दुखणारी गाडी हे आकडे देत नाही.

मला आनंद झाला होता, खरंच. दोन्ही शीट टेबलावर शेजारी ठेवल्या. कोपऱ्यावरून नजर फिरली. इकडे २९ अंश, तिकडेही २९ अंश. म्हटलं चला, तुलना करायला सोपं.

डॉक्टरांना आनंद झाला नाही. "ही राहू द्या तुमच्याजवळच," ते म्हणाले. आदल्या रात्री त्यांचं मुंबईशी फोनवर ठरलं होतं. २१७ची शीट पाहून ते गृहस्थ दोन लाख परत द्यायला तयार झाले होते.

"पण डॉक्टर, गाडी चांगली आहे."

"ती शीट तुमचीच आहे ना? शिक्का तुमचाच आहे ना?"

समोरच्या टपरीवर त्यांनी मला तर्री पोहे खाऊ घातले आणि निघून गेले.

चार दिवसांनी मुंबईहून फोन. शीटवर माझा नंबर असतोच. माणूस चिडलेला नव्हता, ते जास्त जड गेलं.

"मला गाड्यांतलं काही कळत नाही," ते म्हणाले. "वडिलांची गाडी होती, ते गेल्यावर विकली. एकच विचारायचंय. या कागदावर दुपारचे एक चाळीस लिहिलेत आणि तापमान २९. माझी मेहुणी तुमच्या त्रिमूर्तीनगरात राहते. ती म्हणते, मेमध्ये दुपारी नागपुरात २९ अंश फक्त फ्रिजमध्ये असतात."

मी फोन कानाला लावूनच खांबाकडे पाहिलं. खांबापुढे गिऱ्हाइकाची खुर्ची. खुर्चीकडे तोंड करून कूलर. डबीनं डॉक्टरांना घातलेल्या वाऱ्याचं तापमान मोजलं होतं. २९ अंश, आर्द्रता ६६ टक्के. त्या दुपारी शेडमध्ये ४४ अंश आणि आर्द्रता पंधराच्या आसपास होती.

रात्री हिशेब केला तेव्हा आणखी वाईट वाटलं. कूलरच्या हवेनं करेक्शन आलं १.०६७. खऱ्या हवेनं आलं असतं १.०८२. म्हणजे २०३चे २१७ नाही, २२० झाले असते. फरक फक्त तीन पीएसचा. पण मी वापरतो त्या आयएसओ १५८५ या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय नियमात करेक्शनला १.०७ची मर्यादा आहे, त्यापुढची चाचणी धरायची नाही. माझं सॉफ्टवेअर १.०७च्या वर गेलं की तो कोपरा लाल करतं. म्हणजे डबी जागेवर असती तर शीट लाल निघाली असती आणि मी ती फाडून टाकली असती. जी चाचणी बादच व्हायची तिला कूलरनं पास करून दिलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही शीट, दोन्हींचं हवामान आणि कूलरची गोष्ट एकाच मेसेजमध्ये लिहून दोघांनाही पाठवली. डॉक्टरांच्या दोन टिका निळ्या झाल्या. मुंबईहून फोन आला.

"म्हणजे कूलरमुळे तीन."

"हो."

"२१७ आणि २३५मध्ये अठराचा फरक आहे. बाकीचे पंधरा?"

मी पंख्याचं सांगितलं, पेट्रोलचं सांगितलं, पहाटेच्या हवेचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पेट्रोल डॉक्टरांनी टाकलं, पंखा तुमचा. यातलं माझं किती?"

उत्तर देता आलं नाही. आमच्या कामातला पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पोट्ट्याला मी तो रोज ऐकवतो. त्या पहाटे मी पंखा, पेट्रोल आणि वेळ, तिन्ही एकदम बदललं होतं, कारण मला चांगला आकडा बघायचा होता. पंधरापैकी कोणाचे किती, ते आता कागदावरून निघत नाही. त्यासाठी गाडी परत यायला हवी, साध्या पेट्रोलवर, पहाटे, डक्ट लावून. मग जास्त ऑक्टेनवर पुन्हा एकदा, तशाच पहाटे.

डॉक्टरांना चार वेळा फोन केला. कंपाउंडर म्हणतो साहेब ओपीडीत आहेत.