साधा, बटरचा

क्रोसाँ, म्हणजे फ्रेंचांचा बटरचा, पापुद्रे सुटणारा पाव, नीटनेटका खाता येत नाही. ज्या देशात अजूनही काही घरांत पीच काट्या-सुरीने सोलून खातात, त्या देशाने सकाळच्या घाईत खायला नेमका हाच पदार्थ निवडावा, याची मला भारी गंमत वाटते. पॅरिसच्या मेट्रोत आठच्या गर्दीत पाहावं. काळ्या लोकरी कोटांच्या छातीवर, मफलरच्या घडीत सोनेरी पापुद्रे अडकलेले असतात आणि ते झटकायची कोणाला घाई नसते. ज्याचा चुरा पडत नाही तो क्रोसाँ घेऊन करायचंय काय?

दुकानात शिरल्यावर आधी 'बोंजूर', म्हणजे नमस्कार, म्हणायचं, मागायचं ते नंतर. थेट मागणीवर आलात तर काउंटरमागच्या बाई स्वतः 'बोंजूर' म्हणतात आणि तुम्ही ते परत म्हणेपर्यंत थांबतात. मागे रांग लागलेली असली तरी थांबतात. मग मी सांगते, एक क्रोसाँ, बटरचा. 'बटरचा' हे सांगावं लागतं, कारण काही दुकानांत दोन जाती ठेवलेल्या असतात, एक सरळ आणि एक टोकं आत वळलेली. नवख्या माणसाला वाटतं, चंद्रकोर तीच अस्सल. प्रकार उलटा आहे. इकडच्या रिवाजाप्रमाणे सरळ असतो तो शुद्ध बटरचा, आणि बाकदार असतो त्यात बहुधा मार्गारिन, म्हणजे बटरऐवजी वापरायचा स्वस्त पर्याय. कायदा वगैरे नाही, नुसता रिवाज, पण ओळखीच्या बेकरीत तो सहसा पाळलेला दिसतो.

चंद्रकोरीवरून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, रात्री काम करणाऱ्या बेकरीवाल्यांना भुयार खणल्याचा आवाज आला, शहर वाचलं, आणि विजयाची आठवण म्हणून तुर्की निशाणावरच्या कोरीचा पाव केला. पुढे मारी आंत्वानेत या ऑस्ट्रियन राजकन्येने तो लग्नानंतर फ्रान्समध्ये आणला. गोष्ट झकास आहे, फक्त त्या काळातला एकही पुरावा तिच्यामागे नाही. कागदोपत्री सापडतो तो औगुस्ट झांग नावाचा ऑस्ट्रियन गृहस्थ. तोफखान्यातला हा माजी अधिकारी १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसला आला आणि रू द रिशलिउ या रस्त्यावर त्याने व्हिएन्ना पद्धतीची बेकरी थाटली. तिथला किप्फर्ल, म्हणजे ऑस्ट्रियातला चंद्रकोरी पाव, पॅरिसकरांना आवडला, इतरांनी त्याची नक्कल केली. झांग मात्र परत गेला आणि १८४८ मध्ये व्हिएन्नात 'डी प्रेस' हे वर्तमानपत्र काढून बसला. त्याच्या किप्फर्लला पदर नव्हते, तो साधा मऊ पाव होता. पदर सुटणारा क्रोसाँ पुढे फ्रान्समध्ये घडला, आणि पाककृतींच्या पुस्तकांत तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतो. म्हणजे ज्याला आपण शतकानुशतकांची परंपरा समजतो, तो वयाने आपल्या पणजोबांच्या आसपासचा.

तो करणं हे काम बघण्यासारखं असतं. मैदा, दूध-पाणी, थोडी साखर, मीठ, यीस्ट मळून रात्रभर थंडीत ठेवायचं. बटरची लादी लाटण्याने बडवून सपाट करायची, ती त्या पिठात गुंडाळायची, लाटायचं आणि कागद पाकिटात घालताना घालतो तशी तिघडी घालायची. परत थंडीत. परत लाटायचं, परत तिघडी. असं तीनदा झालं की बटरचे २७ थर होतात. सगळी मेख बटर आणि पीठ यांचा मऊपणा एकसारखा ठेवण्यात आहे. बटर फार गार असेल तर लाटताना त्याचे आत तुकडे पडतात, जरा ऊब लागली तर ते पिठात मुरतं आणि थर गेले कामातून. इकडच्या बटरमध्ये किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी. भट्टीत त्या पाण्याची वाफ होते आणि तीच थर उचलते. चांगला क्रोसाँ मधोमध कापला तर आत मोठी, वेडीवाकडी जाळी पडलेली दिसते, आणि बाहेरचा रंग सोनेरीच्या पुढे जाऊन तपकिरीकडे झुकलेला असतो. २०१७ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये बटरचा तुटवडा झाला, सुपरमार्केटातली फडताळं रिकामी दिसू लागली, तेव्हा बातम्यांचा सूर युद्धकाळाचा होता. मला तो मुळीच अतिशयोक्त वाटला नाही.

माझी मावशी इथे राहायला आली होती. तिने क्रोसाँ हातात घेतला, उलटा करून बूड पाहिलं, टोकाचा एक पापुद्रा नखाने उचलला आणि निकाल दिला, "अगं, हा तर साटा लावलाय." चिरोटे करणाऱ्या बाईची नजर ती. तुपात तांदळाची पिठी फेसून साटा करायचा, पातळ पोळ्यांना तो लावून एकावर एक रचायच्या, वळकटी करायची, कापून लाटायची, तळली की पदर सुटतात. मी तिला थंड बटर, तिघड्या, रात्रभराचा मुक्काम हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ विचार करत बसली. आपल्याकडे दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरच्या उकाड्यात, नुसतं तूप पोळ्यांच्या मध्ये ठरणारच नाही, पाझरून बाहेर येईल. पिठी त्याला धरून ठेवते. इथे पिठीची गरज नाही, कारण थंडी आहे. "म्हणजे यांचं निम्मं काम फ्रीज करतो," मावशी म्हणाली, आणि त्या वाक्यात कोकणातल्या कित्येक पिढ्यांचा तोरा होता.

खाल्ला मात्र नाही तिने. वरच्या चमकेसाठी फेटलेल्या अंड्याचा हात फिरवतात हे कळल्यावर तिने तो हळूच बशीत ठेवला आणि बाकीचा मुक्काम 'बगेत', म्हणजे फ्रेंचांचा लांब काठीसारखा पाव, आणि कैरीचं लोणचं यांवर काढला. बगेतचं तिला भय नव्हतं. १९९३ च्या सरकारी हुकमाने 'परंपरेची' म्हणून विकायच्या बगेतला गोठवायला आणि रसायनं घालायला बंदी केलेली आहे. पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण, यापलीकडे तिच्यात फारसं काही जाऊ शकत नाही. लोणच्याबरोबर ती अप्रतिम लागते. हा शोध मी हल्ली फ्रेंच पाहुण्यांपुढे स्वतःच्या नावावर खपवते.

क्रोसाँच्या नशिबी असा हुकूम नाही. दुकानावर 'बुलांजरी', म्हणजे पावाची बेकरी, ही पाटी लावायची तर ब्रेड तिथेच मळून तिथेच भाजला पाहिजे, असं १९९८ चा कायदा सांगतो, पण क्रोसाँबद्दल तो गप्प आहे. त्यामुळे कारखान्यातून गोठवलेले क्रोसाँ मागवायचे आणि सकाळी नुसते भट्टीत सरकवायचे, हा धंदा पॅरिसमध्येही उजळ माथ्याने चालतो. वास त्यांचाही जीवघेणा येतो, वासावर जाऊ नये. ताटातले सगळे एकजात सारखे, टोकाला टोक जुळणारे दिसले की मी बगेत घेऊन निघते. एखादा लठ्ठ, एखादा तिरका, एखादा कडेला जरा जास्तच भाजलेला, अशी बेशिस्त दिसली तर रांगेत उभं राहायला हरकत नाही.

फ्रेंच बेकरीतली बाकीची मंडळीही गोड आहेत, पण त्यांची माझी घसट वेगळी. ब्रिटनीतल्या दुआर्नने गावचा क्विन्-अमान म्हणजे खारं बटर आणि साखर यांचा बेताल संसार. बुडाची साखर करपायला टेकलेली असते. अर्धा पुरतो, उरलेला अर्धा आपण उगाच खातो. पारी-ब्रेस्त १९१० मध्ये लुई द्युराँ या मिठाईवाल्याने पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस सायकल शर्यतीसाठी म्हणून चाकाच्या आकाराचा केला. आतलं हेझलनटचं क्रीम फार चांगलं असतं, पण तो दुपारचा पदार्थ आहे आणि त्याला सवड लागते.

बदामी क्रोसाँबद्दल मात्र आदर आहे. काल न खपलेले क्रोसाँ पाकात बुचकळायचे, आत बदामाचं क्रीम भरायचं, वर बदामाचे काप टाकून परत भाजायचे. साधा सव्वा-दीड युरोला मिळतो, हा त्याच्यापेक्षा चांगलाच महाग. वाइन सोडली तर कालचा माल आजच्यापेक्षा चढ्या भावाने विकण्याची ही युक्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. भरलेल्या क्रोसाँत माझी सूट एवढ्या एकालाच. हिरवं पिस्त्याचं क्रीम बाहेर ओघळणारा, कुकीचं पीठ कोंबलेला, असले अवतार पॅरिसमध्येही निघालेत आणि त्यांच्यापुढे फोटोसाठी रांगा लागतात. इतक्या निगुतीने सोडवलेले पदर आतून ओले करायचे, हा न्याय मला समजत नाही.

पुण्यात गेले की तिथल्या नव्या कॅफेंत हटकून क्रोसाँ मागवते. पोरं एसी लावून रात्री-अपरात्री लाटतात आणि त्यांच्या कामाला नावं ठेवायला जागा नाही. अडचण येते ती ऑर्डर देताना.

"मॅडम, आत काय घालू? पनीर टिक्का, चॉकलेट, चिकन मेयो?"

"काही नको. साधा द्या."

"चीज तरी?"

"नको."

वेटरने आत जाऊन कोणाला तरी विचारलं. बराच वेळ खलबत चाललं, मग बिलावर 'विदाउट फिलिंग' असं लिहून आलं. क्रोसाँ चांगला होता, बटर जरा खारं होतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला निघालेल्या मुलाला तेवढं वेळेवर थांबवावं लागलं.