पाणी कुठं गेलं? मे महिन्यात पुण्याच्या आसपासच्या चार सहली

मामाचा गाव पुणे निघाला की भाच्यांचे हाल होतात. विहीर नाही, आमराई नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि खाली पार्किंगमध्ये क्रिकेटला सोसायटीची बंदी. यंदा ओजस (वय बारा) आणि ईरा (वय नऊ) अमरावतीहून आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी दोघांना घेऊन दूध आणायला भिडे पुलावरून निघालो होतो. ओजस मधेच थांबला आणि खाली बघत राहिला. मुठेच्या पात्रात एक काळपट ओघळ, दगडावर दोन बगळे आणि बाकी नुसतं मोकळं पात्र.

"काऊन मामा, पाणी कुठं गेलं?"

"धरणात."

"आणि धरणातलं?"

"आपल्या नळात."

"आणि नळातलं?"

दूध संपेल, चल लवकर, असं म्हणून मी तिथून सटकलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. एरवी सुट्टीत पाहुण्यांना शनिवारवाडा, सारसबाग, कात्रजचं प्राणिसंग्रहालय असं फिरवून आणतो (ते बुधवारी बंद असतं, आम्ही एकदा बुधवारीच गेलो होतो). या वेळी ठरवलं की पाण्याच्याच मागे जायचं. चार सहली झाल्या. त्यांपैकी दोन पुन्हा करीन, एक जवळच असल्यामुळे करीन, आणि एक मे महिन्यात तरी नाही.

आधी उन्हाबद्दल. एकोणचाळीस डिग्री ऐकून पोरं हसली. "हे तर आमच्याकडचं मार्चातलं ऊन." खरं आहे, पण पुण्याचा उन्हाळा फसवा असतो. सकाळी इतकं गार असतं की माणूस दहा वाजले तरी रेंगाळतो आणि साडेअकराला उघड्या कातळावर सापडतो. म्हणून नियम केला, साडेपाचला घराबाहेर आणि अकराला घरात. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि देवळात जायचं असेल तर जुने मोजे. मोज्यांचं पुढे येईल.

पहिली सहल गावातलीच. वनाजहून रामवाडीकडे जाणाऱ्या मेट्रोत उजव्या हाताची खिडकी धरायची. डेक्कनपासून गाडी नदीच्या कडेकडेने जाते. पुढे सिव्हिल कोर्टानंतर ती मुठा ओलांडते आणि बंडगार्डनजवळ मुळा-मुठा. मधे संगमावर दोघी एक झालेल्या असतात. पात्राची एवढी लांबच लांब, फुकटात म्हणावी इतक्या स्वस्तात आणि नाकाला त्रास न होता पाहणी दुसरीकडून होत नाही. परत येताना छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरून पाताळेश्वरला गेलो. आठव्या शतकातली, एकाच कातळात कोरलेली लेणी, तीही जंगली महाराज रस्त्याच्या गोंगाटात. आत शिरताच गार वाटतं. ईरा खांबाला गाल लावून उभी राहिली आणि पाच मिनिटं हलली नाही.

आईला मेट्रोचे जिने नको होते, ती रिक्षाने थेट ओंकारेश्वरला आली. तिचं बालपण शनिवार पेठेतलं. १२ जुलै १९६१ला ती आठ वर्षांची होती. पानशेतचं धरण त्या सकाळी फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि लकडी पुलावरून पाणी गेलं. हे सगळं पोरांना मी सांगत होतो. ती मात्र घाटाच्या पायरीवर बसून एकच गोष्ट सांगत राहिली, की पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलात त्यांची पितळी परात उभी रुतलेली सापडली. ती परात अजून आमच्याकडे आहे. ओजसने घरी आल्यावर ती माळ्यावरून काढायला लावली.

दुसरी सहल सिंहगड, आणि याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक लोक हा गड चुकीच्या वेळी करतात. रविवारी दहा वाजता गाडी घेऊन घाटात अडकणारे दर आठवड्याला हजारो असतात. मधला वार धरा आणि पायथ्यापर्यंत स्वारगेटहून ५० नंबरची बस घ्या. अगदी पहाटे चढायचं असेल तर मात्र स्वतःची दुचाकी बरी. आतकरवाडीतून पायवाट चढते. मुलांना घेऊन दीड तास धरा. वाटेवर सावली जवळजवळ नाहीच. सहा वाजता निघालात तर सूर्य डोंगराआड असतो आणि चढ सोपा जातो. आठला निघालात तर तीच वाट घाम काढते. चालवत नसेल त्यांनी पायथ्यापासून जीपने वर यावं, त्यात कमीपणा काही नाही. ईराच्या चपलेचा तळ निम्म्या वाटेत सुटला. चूक माझी, सॅंडल चालतील म्हणालो होतो. मुरूम पायाखालून घसरतो, बूटच घाला. एका ताकवाल्या मावशींनी सुतळी दिली, त्यावर ती उरलेला गड चढली.

वर गेल्यावर सगळ्यांना तानाजी कडा बघायची घाई असते. ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र पोरांना पाठ होती, त्यामुळे तिथे मला बोलू दिलं नाही. मी त्यांना आधी देवटाक्याकडे नेलं. गडावरचं हे टाकं, आणि मे महिन्यातही त्यातलं पाणी बर्फासारखं गार. उंच खडकावर पाणी कसं टिकतं हा ओजसचा प्रश्न. कातळात खोल खोदलेलं, त्यावर सावली आणि झिरपा, एवढंच माझं उत्तर.

मग दही. गडावर दही मडक्यात मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. कसं ओळखायचं ते सांगतो. मावशी टोपलीत ओल्या फडक्याखाली मडकी लावून बसलेल्या असतात. मडकं हातात घेऊन बाहेरून बघायचं. ओलसर, गार आणि तळाशी जरा पाझरलेलं असेल तर दही घट्ट लागलेलं असतं, कारण जास्तीचं पाणी मातीने ओढून घेतलेलं असतं. मडकं कोरडं ठणठणीत असेल तर आत चोथा आणि पाणी वेगळं. साखर घालायची की मीठ यावर आमच्यात दोन तट पडले. सोबत पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी. मुलांसाठी पिठलं वेगळं, कमी तिखट सांगावं लागतं, आणि पटकन सांगावं लागतं. मे महिन्यात करवंदंही असतात, पळसाच्या पानाच्या द्रोणात. खाऊन झाल्यावर द्रोण आणि मडकं मावशींकडे परत द्या, कड्यावरून भिरकावू नका. खाली बघितलंत तर किती जणांनी भिरकावलंय ते दिसतं.

पाण्याचं उत्तर गडावरून दिसतं. उत्तरेला खडकवासल्याचा जलाशय, पश्चिमेला डोंगरांच्या आड पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही धरणं तुडुंब भरली तर २९.१५ टीएमसी पाणी, म्हणजे तितके अब्ज घनफूट. त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीसुद्धा नाही. ते फक्त दार, कोठार मागे. दारातून पाणी दोन वाटांनी निघतं. एक वाट पुण्याच्या नळांकडे. दुसरी उजव्या कालव्याने पर्वतीच्या पायथ्यावरून, हडपसरवरून थेट दौंड-इंदापूरच्या उसाकडे. नदीच्या वाट्याला उन्हाळ्यात उरतं ते शहराने वापरून सोडलेलं. "म्हणजे ते काळं पाणी आपलं आहे?" ओजसने विचारलं. हो.

उतरताना खडकवासला चौपाटीवर थांबलो. मक्याचं कणीस खा, वारा खा, पण पाण्यात उतरू नका. गाळाचा अंदाज येत नाही, आणि दर उन्हाळ्यात इथे पोहायला उतरलेली मुलं बुडतात. पोहायची हौस असेल तर गावात टिळक तलाव आहे. तिथे सुट्टीतल्या बॅचेस आधी भरतात, एप्रिलमध्येच चौकशी करा.

तिसरी सहल तुळापूर. खरं तर मला मुळा-मुठा भीमेला मिळते ते रांजणगाव सांडस गाठायचं होतं, पण मुलांना घेऊन नुसतं नदीकाठच्या शेतात जाऊन काय दाखवणार? म्हणून त्याच्या वरच्या अंगाला, जिथे भीमा, भामा आणि इंद्रायणी एकत्र येतात, त्या तुळापूरला गेलो. नगर रस्त्याने लोणीकंदवरून आत वळायचं. वाघोलीची कोंडी साडेसहाच्या आत पार केली तर ठीक, नंतर मी जबाबदार नाही. संभाजी महाराजांचं स्मारक आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे, आणि गावाच्या नावाची ती गोष्ट आहे. हत्तीची तुळा, म्हणजे वजन करायचं होतं. हत्ती नावेत चढवायचा, नाव पाण्यात किती बुडाली तिथे खूण करायची, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरायचे आणि ते दगड तोलायचे. शहाजीराजांनी ही युक्ती काढली अशी कथा सांगतात. घरी आल्यावर बादलीत स्टीलचा डबा आणि गोट्या घेऊन तासभर हा प्रयोग चालला. गावात मात्र नऊ वाजताच फरशी तापली. चप्पल काढून देवळापर्यंतची वीस पावलं पोरांनी उड्या मारत काढली. मोजे म्हटले ते यासाठी. संगमावर जलपर्णी दाट होती, पाणी फारसं दिसलंच नाही. ही सहल पावसाळा संपल्यावर करा.

चौथी भिगवण. पुण्यापासून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. पहाटे चारला निघालो. पक्षी बघायचे तर सूर्य वर यायच्या आत नावेत बसलेलं बरं. यवत, दौंडचा फाटा मागे पडला आणि दोन्हीकडे हिरवा ऊस दिसायला लागला, भर मे महिन्यात. "कालवा," ओजस आपणहून म्हणाला.

भिगवण ओलांडल्यावर डावीकडे कुंभारगावला वळायचं. उजनी धरणाचं हे मागचं पाणी. किनाऱ्यावर नावा लागलेल्या असतात. भाडं माणशी की नावेचं, आणि किती तासांचं, हे चढायच्या आधी स्पष्ट ठरवा. लाइफ जॅकेट मागून घ्या, मुलांना घालाच. दुर्बीण असेल तर एक पुरते, पण भांडणं होतात. हिवाळ्यात आलेले कादंब आणि बदकं मेपर्यंत परतलेली असतात. तरी पाणी उतरून चिखलाचे सपाट पट्टे उघडे पडतात, आणि रोहित (फ्लेमिंगो) तिथेच चरतात. आम्हाला शंभरेक दिसले. आधी नुसती गुलाबी रेघ, मग माना खाली घालून चिखल गाळणारे पक्षी, मग एकाने पंख उघडले आणि आतला लाल रंग दिसला. ईराने दुर्बीण सोडलीच नाही. चित्रबलाक, शेकाटे, नदी सुरय हे जवळून बघायला मिळाले. नाववाल्या भाऊंना पक्ष्यांच्या फार जवळ घ्यायचा आग्रह करू नका. थवा उडाला की फोटो छान येतो आणि पक्ष्यांची न्याहारी मोडते.

सकाळच्या पेपरात उजनी "उणे" असल्याची बातमी होती. ओजसने ती जपून ठेवली होती. उणे पाणी कसं असेल? भाऊंनी वल्हं आडवं धरून समजावलं. धरणात एक खूण असते, तिच्या वरचं पाणी वापरायचं, ते शून्यापासून मोजतात. खुणेखालचं ते मृतसाठा. ११७ टीएमसीच्या धरणात ६३ टीएमसी मृतसाठ्यातच जातं. म्हणून कागदावर शून्याच्या खाली गेलं तरी नाव तरंगतेच. पाणी आणखी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. तिकडे जायचं तर आधी पाण्याची पातळी विचारून घ्या, नाहीतर चिखलात रुताल.

ईरा काठावरून हात पाण्यात सोडून बसली होती.

"भाऊ, हे पाणी कुठून येतं?"

"तुमच्या पुण्याचंच हाय की, ताई. तुम्ही वापरून सोडलं की हिकडं येतं."

तिने हात झटकन बाहेर काढला, आधी हाताकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि हात माझ्याच शर्टाला पुसला. ओजस काही बोलला नाही, पण भिडे पुलावरच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं होतं.

किनाऱ्यावर चिलापी मासळी तळून मिळते, ताजी असते. आमच्यातल्या दोघांनी खाल्ली, ईराने नाही. जेवण हवं असेल तर नावेत चढतानाच सांगून जा, परत येईपर्यंत तयार असतं. साडेदहाला परत निघालो. वाटेत तीनदा उसाचा रस झाला. बर्फ नको म्हणून सांगायला मी तिन्ही वेळा विसरलो आणि रात्री घसा धरला. रविवारी संध्याकाळी हडपसरला पोहोचायचं टाळा, आम्ही दुपारी एकला पोहोचलो तरी अर्धा तास सिग्नललाच गेला.