आमची वाटचाल: नळाची अर्थिंग

टेलिफोनच्या तारा बसवायचं क्रोन टूल मॉड्यूलवर, म्हणजे तारांच्या जोडपट्टीवर, दाबलं की खट्‌ होतं, तारांची जोडी बसते आणि उरलेली तार तुटून खाली पडते. माझं पहिलं टूल अजून बॅगेत आहे. आताची पोरं इंटरनेटवर फोन चालवणारा गेटवे लावून मोकळी होतात. पण बाहेरची जोडी ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या फोन एक्स्चेंजच्या, ट्रंक पोर्टला नेताना हात ओला ठेवू नये, हे त्यांना अजूनही सांगावं लागतं. लाईन गप्प असताना 48 व्होल्ट जाणवतही नाहीत. घंटी आली की 75 च्या आसपास एसी चढतो आणि माणूस स्टुलावरून खाली.

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये आम्ही चार ट्रंक म्हणजे बाहेरच्या लाईनी, आणि सोळा एक्स्टेन्शन म्हणजे आतले फोन, असं मशीन बसवलं. मृगाच्या पहिल्याच पावसात वीज कडाडली आणि मशीनमधलं बाहेरच्या लाईनींचं ट्रंक कार्ड जळून काळं. मॉड्यूलवर विजेचा झटका जमिनीत वळवणारे गॅस ट्यूबचे प्रोटेक्टर होते, तरी. शोधलं तर अर्थिंगची तार नळाला बांधलेली, आणि मिलवाल्यांनी मधल्या काळात लोखंडी पाईप काढून प्लास्टिकचा टाकलेला. विजेला जमिनीत जायला वाटच नव्हती! नळाला बांधली मीच, चूक मान्य. पण आमच्याच धंद्यातल्या एका भल्या माणसाने गावभर सांगितलं, "ह्यांची मशीन पावसात उडतात." चार ऑर्डरी त्याच महिन्यात गेल्या. त्याच्याकडेही कार्डं जळत होती, ते कोण सांगणार? कार्ड मी पदरचं भरलं, त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. दुकानाचं शटर ओढायचीच वेळ आली होती.

तेव्हा अमळनेरचे कापूसवाले नाना उभे राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू लाव रे भो, मी देखस." जिनिंगमध्ये आठ ट्रंकांचं काम दिलं, ॲडव्हान्ससकट. तिथे मी खड्डा खणून मीठ-कोळसा घालून स्वतंत्र अर्थिंग केली, सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची तार टाकली.

मधली वर्षं कामातच गेली.

नवीन लोकांना सांगतो, मशीन स्वस्त घ्या, पण अर्थिंग स्वस्तातली नको. एसटीडीचं म्हणजे बाहेरगावच्या फोनचं बिल जड यायचं, तेव्हा त्याला कोड लावा असंही सांगायचो, नाहीतर बिल आल्यावर मालक आम्हालाच विचारायचा.

नानांच्या नातवाला आता सगळं मोबाईलवर हवंय. नानांनी दोन लाईनी तरी ठेवायला लावल्या. पाऊस आला की नाना अजूनही बाहेरच्या लाईनीसाठी शून्य दाबून मलाच फोन लावतात, "काय व्हयनं भो, लाईन चालू शे ना?"