फोडशीचं बारकोडिंग: आली एकदाची पट्टी!

मंडळी, फोडशीचं काम चालूच आहे आणि या आठवड्यात पहिला खरा रिझल्ट हातात आला. नवीन लोकांसाठी सांगतो, पहिला पाऊस झाला की पेठ, हरसूलकडच्या मावश्या नाशिकच्या बाजारात फोडशीच्या जुड्या आणतात, ही रानभाजी म्हणजे क्लोरोफायटम, सफेद मुसळीचाच जीनस (जवळच्या जातींचा गट). पण भाजी खुडतात ती फुलं यायच्या आधी, आणि नुसत्या पात्यावरून स्पीशीज (नेमकी जात) ओळखणं महाकठीण, म्हणून हा बारकोडिंगचा खटाटोप, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखायची.

पानं सिलिका जेलमध्ये सुकवून सीटॅब नावाच्या रसायनाने डीएनए काढला. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, सगळं इतकं चिकट की पिपेटच्या टोकाला तार यायची, हे पानातले पॉलिसॅकराइड (चिकट साखरी पदार्थ), ते पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं, अडवतात. मग पान निम्मं घेतलं, बफरमध्ये मीठ वाढवलं आणि तिसऱ्या वेळी डीएनएची स्वच्छ गोळी बसली. पीसीआर मित्राच्या कॉलेजच्या लॅबमध्ये केला तर निगेटिव्ह कंट्रोललाच, म्हणजे नमुना न घातलेल्या नळीलाच, पट्टी (जेलवर डीएनए दिसतो ती रेघ)! कुठेतरी डीएनए मिसळला होता, सगळं फेकलं, पाण्यापासून नवीन घेतलं. कंट्रोल कोरा आल्याशिवाय पुढे जाऊ नका रे, कितीही घाई असली तरी.

प्राण्यांत बारकोडसाठी सीओआय हा मायटोकॉन्ड्रियातला (पेशीच्या ऊर्जाघरातला) जीन छान चालतो, पण वनस्पतींचे मायटोकॉन्ड्रियातले जीन फार हळू बदलतात म्हणून २००९ मध्ये एका अभ्यासातून क्लोरोप्लास्टमधल्या (हरितलवकातल्या) आरबीसीएल आणि मॅट-के या जीनची जोडी ठरली, आणि तीसुद्धा त्या अभ्यासात ७२ टक्केच स्पीशीज वेगळ्या करू शकली. माझ्याकडे मॅट-केची पट्टी उठलीच नाही. आरबीसीएलची पट्टी ६०० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आसपास आली, सिक्वेन्स (त्या अक्षरांचा क्रम) ब्लास्टमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकला तर क्लोरोफायटमच्या बऱ्याच स्पीशीज बरोबरीने वर. म्हणजे जीनस पक्का, स्पीशीज नाही. शिवाय डेटाबेसमध्ये जी स्पीशीज नाहीच ती ब्लास्ट दाखवणार कुठून, सह्याद्रीतल्या झाडांचं हेच मोठं दुखणं आहे, आणि ते आपणच नीट ओळखलेले नमुने जोडून कमी करू शकतो असं मला मनापासून वाटतं.

आता आयटीएस२ या डीएनएच्या दुसऱ्या भागाचे प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे तुकडे) मागवलेत, हा भाग जास्त बदलतो. आणि मावशींना म्हटलं, मुळासकट दोन गड्डे आणाल का, तर म्हणाल्या, "फुलं आल्यावर निबर होती, खाऊ नको हां." ते गड्डे कुंडीत लावलेत, पानाचा तुकडा त्याच झाडाचा सुकवून ठेवलाय, फूल आलं की हर्बेरियमसाठी (सुकवलेल्या झाडांच्या संग्रहासाठी) दाबणार. आज सकाळी एका कुंडीत दांडा वर आलाय.